स्वस्त बॅटरी टेस्टर: आकडा खरा यावा आणि काही जळू नये यासाठी कामाचा क्रम

"बॅटरी नवीनच आहे की, पण टेस्टर निम्मंच दाखवालाय!" फवारणीचा हंगाम आला की निपाणी-चिकोडी भागातून हे वाक्य हमखास ऐकू येतं. बेळगाव शहरात तीच तक्रार यूपीएसच्या बॅटरीची असते, नाहीतर जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलची. दुसरी तक्रार असते रेझिस्टर काळा पडल्याची आणि टेबलावर डाग उठल्याची. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा टेस्टरमध्ये नसतं. चार्ज अर्धवट असतो, तारा बारीक असतात, कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला चाचणी थांबते तो आकडा) चुकीचा असतो किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीला ४ व्होल्टच्या सेलसाठीचा रेझिस्टर लावलेला असतो.

हा लेख चारशे-पाचशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या, तीन बटणांच्या, लहान आकडेवाल्या टेस्टरबद्दल आहे. तो भरलेली बॅटरी रेझिस्टरमधून कट-ऑफपर्यंत रिकामी करतो आणि तिनं किती वीज दिली ते एएचमध्ये (ॲम्पिअर गुणिले तास) मोजतो. त्याला वेगळा यूएसबी सप्लाय द्यावा लागतो, सोबत ७.५ ओहमचे दोन पांढरे ५ वॅटचे रेझिस्टर येतात, आणि मर्यादा असते १५ व्होल्ट व ३ ॲम्पिअर. तुमच्या टेस्टरच्या बोर्डाचे आकडे वेगळे असतील तर त्याच्या कागदावरचे आकडे धरा. गावाकडं टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात. इथं बॅटरी म्हणजे आतला सेल किंवा डबा, एवढं लक्षात ठेवा.

१. आधी ठरवा: ही बॅटरी या टेस्टरवर लावायची का?

लावायला हरकत नाही अशा: १८६५० प्रकारचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सुटा लिथियम सेल, ३.२ व्होल्टचा लिथियम फॉस्फेट सेल, रिचार्जेबल पेन्सिल सेल, आणि १२ व्होल्ट ७ ते १२ एएचची बंद लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे फवारणी पंपातली किंवा यूपीएसमधली.

लावू नये अशा:

- ई-स्कूटर, ई-सायकलचा पॅक. ४८ किंवा ६० व्होल्ट या बोर्डाच्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहेत. पॅक उघडून एकेक सेल तपासण्याचा विचारही घरात करू नका.
- घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी. ३ ॲम्पिअरनं ती रिकामी करायला दोन दिवसांहून जास्त लागतील. तिथं हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजायची नळी) प्रत्येक खान्याचं ॲसिड बघा. एखादा खाना बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मागे असला, तर दुखणं तिथंच आहे.
- फुगलेला, गळणारा, चेपलेला, गंजलेला किंवा वरचं प्लास्टिक फाटलेला लिथियम सेल. त्याची क्षमता जाणून करणार काय? बाजूला ठेवा.
- २ व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम सेल. तो परत चार्ज करून "बघू तरी" म्हणणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा मोह आहे. इतक्या खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळून भलतीकडं बसू शकतं, आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून सेल काढताना ज्यांनी सेल जोडणारी धातूची पट्टी ओढून सेलला भोक पाडलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. पट्टी पक्कडीनं हळूहळू गुंडाळत काढा. प्लसच्या टोकाकडं पक्कड नेऊ नका, कारण तिथं कडेची धातूची कड मायनस असते. पक्कड दोन्हींना टेकली की शॉर्ट.

२. जागा आणि सामान

जागा फरशीची किंवा सिमेंटची हवी. लाकडी टेबल, सतरंजी, पलंग नको. रेझिस्टर तापला की प्लास्टिकचं टेबलकव्हर वितळतं. रेझिस्टर एखाद्या कौलाच्या तुकड्यावर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा, बोर्डापासून आणि बॅटरीपासून वीतभर लांब. लेड-ॲसिडचं चार्जिंग मोकळ्या हवेत करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

सामान:

- मल्टिमीटर. हा नसेल तर पुढं जाऊच नका, टेस्टरची खात्री दुसऱ्या कशानं होणार नाही.
- सेलसाठी चांगला होल्डर. लोहचुंबकानं किंवा चिकटपट्टीनं तारा लावू नका.
- शक्य तितक्या जाड आणि आखूड तारा, टोकं सोल्डर केलेली. क्रोकोडाइल क्लिप स्वस्तातल्या असल्या तर त्यांच्या तारा आत केसासारख्या असतात.
- ३ ॲम्पिअरचा फ्यूज, होल्डरसकट. तो बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ बसवायचा.
- १२ व्होल्टच्या कामासाठी १० ओहम ५० वॅटचा सोनेरी ॲल्युमिनियम खोळीचा रेझिस्टर, आणि तो स्क्रूनं पक्का करायला ॲल्युमिनियमचा जाड तुकडा किंवा जुना हीटसिंक. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये असा तुकडा सहज मिळून जातो.
- कोरड्या वाळूची बादली आणि जवळ पाणी.

टेस्टरच्या यूएसबी सप्लायबद्दल दोन शब्द. लाईट गेली की चाचणी तुटते, आणि तुटलेली चाचणी मी नेहमी पहिल्यापासून, परत चार्ज करून घेतो. म्हणून मोबाईलचा चार्जर इन्व्हर्टरच्या लाईनवर लावा. पॉवरबँक लावायची तर आधी अर्धा तास बघा. टेस्टर इतका कमी करंट घेतो की काही पॉवरबँकांना काहीच जोडलेलं नाही असं वाटतं आणि त्या आपोआप बंद होतात.

> तपासा: बॅटरी न जोडता फ्यूज, तारा, रेझिस्टर जागेवर आहेत का? मल्टिमीटरवर रेझिस्टर ७.५ किंवा १० ओहमच्या आसपास दिसतो का? दिसत नसेल तर इथंच थांबा.

३. रेझिस्टरचा हिशोब: जळण्याची गोष्ट इथंच घडते

हा टेस्टर स्वतः करंट ठरवत नाही. तो फक्त दार उघडतो आणि बंद करतो, आत किती जाणार हे रेझिस्टर ठरवतो. हिशोब शाळेतलाच आहे. व्होल्ट भागिले ओहम म्हणजे करंट. व्होल्ट गुणिले करंट म्हणजे वॅट, म्हणजेच उष्णता.

पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा. त्याला ७.५ ओहमचा एक रेझिस्टर लावला की ०.५६ ॲम्पिअर वाहतो आणि २.३५ वॅट उष्णता होते. ५ वॅटच्या रेझिस्टरला हे झेपतं, पण तो हात लावता येणार नाही इतका तापतो. दोन समांतर लावले तर ३.७५ ओहम होतात, करंट १.१२ ॲम्पिअर आणि उष्णता दोघांत मिळून ४.७ वॅट.

आता तोच एक रेझिस्टर १२ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीला लावा. १२.७ भागिले ७.५ म्हणजे १.६९ ॲम्पिअर. टेस्टरच्या मर्यादेत आहे, म्हणून टेस्टर काहीच बोलत नाही. पण उष्णता होते साडेएकवीस वॅट, ती ५ वॅटच्या रेझिस्टरमध्ये! धूर इथूनच येतो. टेस्टरच्या पाकिटावर "१२ व्होल्ट चालतो" लिहिलंय आणि पाकिटात रेझिस्टरही आहेत, म्हणून दोन्ही एकमेकांसाठीच आहेत असं वाटतं. तसं नाही.

१२ व्होल्टसाठी दोन वाटा आहेत. पहिली: ७.५ ओहमचे चार रेझिस्टर एकामागोमाग, म्हणजे ३० ओहम. करंट ०.४२ ॲम्पिअर, प्रत्येकावर जेमतेम १.३५ वॅट. सुरक्षित, पण ८ एएचची चांगली बॅटरी रिकामी व्हायला एकोणीस-वीस तास लागतील, आणि रात्री जागणार कोण? दुसरी: १० ओहम ५० वॅटचा सोनेरी रेझिस्टर. करंट सव्वा ॲम्पिअर, उष्णता सोळा वॅट. सकाळी नऊला सुरू केलं तर दुपारी तीनपर्यंत काम उरकतं. मी दुसरी वाट धरतो. मात्र ५० वॅट हा आकडा धातूवर पक्का बसवल्यावरचा आहे. तसाच मोकळा फरशीवर ठेवलात तर तोही बेसुमार तापेल.

> सावधान: "रेझिस्टर नाही तर गाडीचा बल्ब लावू" असं बरेच जण करतात. थंड बल्बची तार पेटताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. टेस्टर लगेच एरर देऊन थांबतो किंवा आतला ट्रान्झिस्टर जातो. तो शॉर्ट होऊन गेला तर कट-ऑफच उरत नाही आणि बॅटरी शून्यापर्यंत रिकामी होत राहते. फ्यूजही तिला वाचवत नाही, कारण करंट नेहमीइतकाच असतो. लक्ष ठेवणारा माणूस तेवढा वाचवतो.

४. टेस्टर खरं बोलतो का, हे आधी बघा

बॅटरी जोडून, चाचणी सुरू करण्याआधी टेस्टरवरचा व्होल्टेज आणि मल्टिमीटरवरचा व्होल्टेज ताडून घ्या. व्होल्टच्या दोन-चार शंभरांशाचा फरक चालतो. पाव व्होल्टचा फरक असेल तर तो बोर्ड बाजूला ठेवा.

करंट तपासायचा तर मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या भोकात तार घालून रेझिस्टरच्या वाटेत जोडा, मिनिटभर चालवा आणि दोन्ही आकडे लिहून घ्या. हे काम टेस्टर घेतल्यावर एकदाच करायचं.

> सावधान: करंट मोजून झाला की मल्टिमीटरची तार लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती १० ॲम्पिअरच्या भोकात विसरून कुणी बॅटरीचा व्होल्टेज बघायला गेलं, तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो. ही चूक शिकलेले लोकही करतात. मी एकदा केली आहे, मीटरचा फ्यूज होता म्हणून वाचलो.

५. पूर्ण चार्ज, मग विश्रांती

निम्मा आकडा येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पंपाच्या चार्जरचा हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली असं नाही. स्वस्त चार्जर दिवा लवकर बदलतात. हिरवा दिवा लागल्यावरही लेड-ॲसिड दोन-तीन तास चार्जरवर राहू द्या. बॅटरी हाताला गरम लागली तर मात्र लगेच काढा.

मग काढून ठेवायची. लेड-ॲसिड किमान चार तास, रात्रभर ठेवली तर उत्तम. लिथियम सेल अर्धा-एक तास. चार्जरवरून काढल्या काढल्या दिसणारा व्होल्टेज फुगवलेला असतो.

> तपासा: विश्रांतीनंतर लेड-ॲसिडचा व्होल्टेज १२.६ ते १२.९ मध्ये हवा, लिथियम सेलचा ४.१५ ते ४.२०, लिथियम फॉस्फेटचा ३.३ च्या वर. रात्रभरात लेड-ॲसिड १२.४ च्या खाली आली किंवा लिथियम सेल ४.० च्या खाली घसरला, तर चाचणीची गरजच नाही. तो माल धरून ठेवत नाही.

खोलीचं तापमानही लिहून ठेवा. खानापूरकडं जुलैत पावसाच्या गारठ्यात घेतलेला आकडा आणि अथणीकडं एप्रिलच्या उन्हात घेतलेला आकडा, एकाच बॅटरीचे असले तरी जुळायचे नाहीत. गारठ्यात बॅटरी कमी देते. एका बॅटरीची वर्षावर्षानं तुलना करायची असेल तर दरवर्षी त्याच महिन्यात तपासा.

६. कट-ऑफ: टेस्टरला बॅटरी ओळखता येत नाही

बॅटरी जोडली की टेस्टर तिचा व्होल्टेज बघून स्वतःच एक कट-ऑफ धरतो. लोक ते तसंच ठेवून सुरू करतात. पण ३.४ व्होल्ट दिसला तर तो अर्धा रिकामा लिथियम सेल आहे की भरलेला लिथियम फॉस्फेट, हे त्या बिचाऱ्या बोर्डाला कसं कळणार? ते तुम्ही सांगायचं. अधिक-वजा बटणांनी हे आकडे लावा:

- लिथियम सेल, ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा: ३.०. कंपनीच्या कागदावर २.५ असतो, पण जुन्या सेलला तितकं खाली नेऊ नका.
- लिथियम फॉस्फेट, ३.२ व्होल्टचा: २.५
- रिचार्जेबल पेन्सिल सेल, १.२ व्होल्टचा: १.०
- १२ व्होल्टची लेड-ॲसिड: १०.५
- पॉवरबँकेची यूएसबी बाजू: ४.५

तीन लिथियम सेलचा १२ व्होल्टचा पॅक असेल तर वेगळाच सापळा आहे. एकूण व्होल्टेज १०.५ दिसतो, पण दोन सेल ३.८ वर आणि एक अडाणी २.९ वर असू शकतो. टेस्टरला फक्त बेरीज दिसते. आत संरक्षण सर्किट नसेल तर असा पॅक लावू नका. असेल तरी चाचणीच्या शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येक सेलचा व्होल्टेज मल्टिमीटरनं बघत राहा.

७. जोडण्याचा क्रम

१. रेझिस्टर त्याच्या जोडीत बसवा. बॅटरीची जोडी आणि रेझिस्टरची जोडी वेगळी असते, बोर्डावर बघून घ्या.
२. यूएसबी सप्लाय द्या.
३. फ्यूज तारेत आहे याची खात्री करा.
४. बॅटरीचा मायनस जोडा, मग प्लस. बॅटरी नेहमी शेवटी.
५. टेस्टरवरचा व्होल्टेज मल्टिमीटरशी ताडा.
६. कट-ऑफ लावा, मग ओके दाबा.

काढताना उलट: आधी बॅटरी, मग सप्लाय.

> सावधान: प्लस-मायनस उलटे लागले तर बोर्डाचं दार बंद असलं तरी आतल्या डायोडमधून करंट वाहत राहतो. पडद्यावर काहीच नीट दिसत नाही आणि रेझिस्टर मात्र तापत असतो. गल्लीत मिळणाऱ्या तारांत लाल तार प्लसच असेल याची खात्री धरू नका. प्रत्येक वेळी मीटरनं बघा.

एरर आला तर घाबरू नका. या बोर्डावर सहसा असं असतं: एरर १ म्हणजे व्होल्टेज १५ च्या वर. एरर २ म्हणजे व्होल्टेज कट-ऑफच्याही खाली, किंवा बॅटरी लागलेलीच नाही. एरर ३ म्हणजे बॅटरीला भार झेपत नाही किंवा तारांत अडथळा आहे. एरर ४ म्हणजे करंट मर्यादेबाहेर. एरर ३ आला की लोक बॅटरी फेकून देतात. आधी तारा बदलून बघा, निम्म्या वेळा तिथंच सुटतं.

८. पहिली दहा मिनिटं उठायचं नाही

सुरू झाल्यावर मल्टिमीटरची टोकं थेट बॅटरीच्या टोकांना लावा आणि टेस्टरवरच्या आकड्याशी ताडा. भार चालू असताना ०.१ व्होल्टहून जास्त फरक असेल तर तेवढा व्होल्टेज तारा आणि क्लिप खाताहेत. मग टेस्टरला बॅटरी खरोखर रिकामी होण्याआधीच कट-ऑफ आला असं वाटतं, आणि आकडा कमी येतो. लिथियम सेलच्या चाचणीत ही चूक फार मोठी ठरते. थांबवा, तारा आखूड आणि जाड करा, सेल परत पूर्ण भरा, नव्यानं सुरू करा.

सेलला हाताची पाठ लावून बघत राहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर लगेच प्लस काढा. रेझिस्टरला मात्र हात लावायला जाऊ नका. तो तापणारच, त्याचं कामच ते.

पुढं दर अर्ध्या तासानं वेळ, व्होल्ट, करंट, एएच असं लिहा. बॅटरी सुरू ठेवून बाजारात जाऊ नका, रात्रीवर टाकू नका. वेळ संपली तर थांबवून दुसऱ्या दिवशी पूर्ण चार्ज करून परत घ्या. आजचे ४ एएच आणि उद्याचे २ एएच अशी बेरीज करायची नाही.

आग लागलीच तर पहिलं काम चार्जरचा आणि मेनचा स्विच बंद करण्याचं. मग माणसं बाहेर, कारण लिथियमचा धूर विषारी असतो. लहान सेल वाळूत लोटता आला तर लोटा, आणि वीज बंद झाल्यावर बाहेरून भरपूर पाणी मारा. ते आग विझवण्याइतकंच सेल गार करण्यासाठी लागतं, नाहीतर तो परत पेटतो.

९. आकडा कसा वाचायचा

लेड-ॲसिडवर छापलेले एएच वीस तासांत रिकामी केल्यावरचे असतात. ८ एएचच्या पंपाच्या बॅटरीला त्या हिशोबानं ०.४ ॲम्पिअर भार हवा. आपण सव्वा ॲम्पिअर ओढतोय, म्हणजे नव्या बॅटरीकडूनही साधारण ८५ टक्केच मिळणार, पावणेसातच्या आसपास. तेव्हा तुलना आठशी करायची नाही, पावणेसातशी करायची. साडेपाचपर्यंत आली तर बॅटरी उतरणीला लागली. चारवर आली तर टाकी दोनदा भरून फवारायच्या दिवशी ती मध्येच सोडणार, आताच बदला. दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी एवढा हिशोब करा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

लिथियम सेलवर छापलेल्या आकड्यावर तर विश्वास ठेवूच नका. १८६५० वर ९९०० एमएएच (म्हणजे ९.९ एएच) लिहिलेलं सर्रास दिसतं. नावाजलेल्या कंपनीचा चांगला सेल ३५०० च्या आसपासचा असतो. ९९०० लिहिलेला सेल १२०० दाखवत असेल तर टेस्टरच बरोबर आहे.

पॉवरबँक: १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्टवर ते ७४०० होतात, त्यातूनही सर्किट थोडं खातं. ६००० ते ६५०० मिळाले तर तुम्हाला कुणी फसवलेलं नाही.

शंका आली तर तीच चाचणी दुसऱ्यांदा घ्या. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर दोन्ही आकडे बाजूला ठेवून तारा आणि चार्जर तपासा.

१०. चाचणी संपल्यावर लगेच

कट-ऑफला टेस्टर आपोआप थांबतो. थोड्या वेळानं व्होल्टेज परत वर चढलेला दिसेल. "अजून आहे की त्यात" म्हणून पुन्हा ओके दाबू नका, ते नुसतं भार काढल्यामुळं सावरलेलं असतं.

लेड-ॲसिड त्याच दिवशी चार्जला लावा. रिकामी ठेवली तर पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि पुढच्या वेळी खरोखरच निम्मी येते. तपासण्यासाठी आणलेली चांगली बॅटरी आठवडाभर कोपऱ्यात रिकामी ठेवून खराब करणारे मी पाहिलेत. लिथियम सेल लगेच वापरायचे नसतील तर ३.७-३.८ व्होल्टपर्यंतच भरून ठेवा.

प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी लावून तारीख, एएच, भाराचा रेझिस्टर आणि तापमान लिहा. रेझिस्टर लिहिला नाही तर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

बाद झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि ते झाकण नसलेल्या पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवा. कचरागाडीत टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्याच द्यायच्या असतात. लेड-ॲसिडची काळजी नको, तिच्यातल्या शिशाला भाव आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या, पैसे कमी करून घ्या.